‘चाचे’ कोणी ठरवायचे? मालवणचा समुद्र आणि युद्धाचा कायदा

१

एखाद्या गावाचे नाव हेच गुन्ह्याचे नाव व्हावे, असे इतिहासात क्वचित घडते. मालवणच्या वाट्याला ते आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या अठराव्या शतकातील कागदपत्रांत ‘मालवण्स’ असा एक अनेकवचनी शब्द आढळतो. मालवणचे रहिवासी असा त्याचा अर्थ नाही. मालवण बंदरातून निघून व्यापारी जहाजे लुटणारे चाचे, असा आहे. सावंतवाडीकर खेम सावंतांच्या दर्यावर्दींसाठीही त्या कागदांत असाच एक शब्द आहे. धन्याचे नाव इंग्रजी जिभेवर घासून ते त्याच्या माणसांना चिकटवलेले. आंग्र्यांचे तर आडनावच या कामी आले. कंपनीच्या बाजूने या समुद्रात लढलेल्या क्लेमंट डाउनिंगचे पुस्तक १७३७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या शीर्षकातच आंग्रे ‘पायरेट’ ठरले होते. १९०७ मध्ये कर्नल बिडल्फ यांनी याच इतिहासावर लिहिलेल्या ग्रंथाचे नावही ‘मलबारचे चाचे’ याच अर्थाचे आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षे हे नामकरण टिकून राहिले.

नामकरणाची चिकित्सा हा आमच्यासारख्या भाषा-साहित्य शिकवणाऱ्यांचा नित्याचा उद्योग. परंतु प्रस्तुत नामकरणाचे परिणाम केवळ वाङ्मयीन नव्हते. ते समजण्यासाठी आजच्या युद्धविषयक आंतरराष्ट्रीय कायद्याची मूळ मांडणी थोडक्यात पाहावी लागेल. १९४९ चे चार जिनिव्हा करार आणि १९७७ चे त्यांचे पूरक मसुदे यांचा कणा एका विभागणीवर उभा आहे. एका बाजूस सैनिक. त्याला लढण्याचा अधिकार असतो. तो पकडला गेला तर युद्धकैदी होतो आणि केवळ लढला म्हणून त्याला शिक्षा करता येत नाही. दुसऱ्या बाजूस नागरिक. त्याला लढण्याचा अधिकार नसतो, परंतु त्याच्यावर हल्लाही करता येत नाही. या दोहोंच्या जोडीला तिसरी गोष्ट येते ती उत्तरदायित्वाची. नियम मोडला तर जाब कोणाला विचारायचा? ज्याने शस्त्र चालवले त्याला, की ज्याच्या हुकमाने ते चालले त्याला?

‘चाचा’ हा शब्द या मांडणीतील दोन्ही घरांच्या बाहेरचा आहे. तो सैनिक नाही, म्हणून त्याला युद्धकैद्याचे हक्क नाहीत. तो निरुपद्रवी नागरिकही नाही, म्हणून त्याला अभय नाही. चाचा हा सर्वांचा समान शत्रू होय, त्याला दिलेले वचन पाळण्याचे बंधन कोणावर नाही, असे सिसेरोने इसवी सनापूर्वीच्या रोममध्ये लिहून ठेवले होते. युरोपीय कायदेपंडितांनी तो विचार पुढे उचलला आणि कंपनीच्या जहाजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यास लागला.

मालवण-विजयदुर्गच्या समुद्राचा इतिहास या अंगाने वाचला तर असे दिसते की, माणूस कोणत्या घरात बसतो हे त्याच्या कृतीवरून क्वचितच ठरले. त्याला नाव देणारा कोण आहे आणि त्या नाव देणाऱ्याला कोणी जाब विचारणार आहे की नाही, यावरून ते बहुधा ठरले. म्हणून युद्धाच्या कायद्याचे खरे मोल माणसांची वर्गवारी करण्यात नसून, वर्ग कोणताही असला तरी हिशेब मागण्यात आहे, असे आम्हांस वाटते. पुढील विवेचन या एका मुद्द्यासाठी आहे.

२

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला. पुढे पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हे लहान कोट त्याच्या पाठराखणीस उभे राहिले. या आरमाराचे सरदार म्हणून दर्यासारंग, दौलतखान, मायनाक भंडारी ही नावे इतिहासास ठाऊक आहेत. जहाजांवर हात चालवणारे मात्र निनावी राहिले. ते बहुतांशी गाबीत, भंडारी, कोळी आणि किनाऱ्यावरील मुसलमान दर्यावर्दी होते. पाऊस लागला की गलबते खाडीत ओढून शाकारली जात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला होई. मासेमारी, मालवाहतूक आणि आरमारातील चाकरी ही तिन्ही कामे त्याच किनाऱ्यावरचे, त्याच घरांतले हात करीत. हातातले वल्हे तेच. ते मासळीच्या होडीचे की गुराबेचे, एवढाच फरक. सैनिक आणि नागरिक यांच्यातील रेषा कागदावर जितकी ठसठशीत दिसते, तितकी ती किनाऱ्यावर कधीच नव्हती.

तरीही किनारा नियमांवाचून होता असे नाही. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आपल्या ‘कार्ताझ’ नामक परवान्याशिवाय हिंदी जहाजांना समुद्रात फिरू देत नसत. परवाना नसलेले जहाज धरले जाई. मराठ्यांनी हीच रीत आपल्या भाषेत आणली. सरकारचा कौल किंवा दस्तक असलेले जहाज अभय पावे, नसलेले अडवले जाई. ‘आरमार’ हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला. समुद्रावर हुकूमत कोणाची, हा या परवान्यांमागील वाद होता आणि त्यात प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्या परवान्याला लूट म्हणत असे.

या काळातील युद्धनीतीचा सर्वांत महत्त्वाचा मराठी दस्तऐवज म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. ते १७१५-१६ च्या सुमाराचे असून कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या राज्यासाठी लिहिले गेले. ज्या राज्याच्या मालवणी खलाशांना इंग्रज पुढे ‘मालवण्स’ म्हणणार होते, त्याच राज्याचे हे नीतिशास्त्र, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यातील आरमाराचे प्रकरण भाषेचे विद्यार्थी गद्याचा नमुना म्हणून वाचतात. ते कायद्याचा मजकूर म्हणूनही वाचण्याजोगे आहे. जहाजांच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, हा त्यातील दंडक सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढचे दंडक कमी वाचले जातात. कौल नसलेल्या सावकाराच्या जहाजावर एकाएकी तुटून पडू नये. त्यास भयभीत न करता, भरवसा देऊन बंदरात आणावे. शत्रूच्या मुलखातील सावकाराचे जहाज धरले तरी त्यातील मालास यत्किंचितही धक्का न लावता तो जतन करावा आणि हुजुरास लिहून कळवावे.

हे शेवटचे कलम आम्हांस मोलाचे वाटते. त्यात केवळ दया नाही, हिशेब आहे. समुद्रात धरलेली वस्तू धरणाऱ्याची होत नाही. तिचे काय करायचे हे लेखी वृत्तान्त पाहून वरिष्ठ सत्ता ठरवील. दर्यावर्दी आणि दरोडेखोर यांच्यातील भेद या कागदी धाग्यावर अवलंबून आहे. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले प्रसिद्ध पत्रही याच जातीचे आहे. दाणा-वैरण बेहिशेबी उडवून पावसाळ्यात तुटवडा पडला की घोडेस्वार कुणब्यांच्या घरात शिरतील, रयत परागंदा होईल आणि मोगल बरे होते म्हणेल, अशी सक्त ताकीद त्यात आहे. अत्याचाराचे मूळ शिपायाच्या स्वभावात न शोधता अंमलदाराच्या जमाखर्चात शोधणारे हे पत्र आहे. वरिष्ठाच्या जबाबदारीचे जे तत्त्व विसाव्या शतकात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या खटल्यांतून रूढ झाले, त्याच्याशी त्याचे नाते जोडता येते.

परंतु दंडक आहे म्हणजे आचरण तसेच होते, असे समजणे हा भाबडेपणा होईल. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीनंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, याच मालवणहून आरमार निघाले आणि त्याने कानडी किनाऱ्यावरील बसरूर हे श्रीमंत बंदर लुटले. त्याआधी वर्षभर सुरत लुटली गेली होती. १६७० मध्ये ती पुन्हा लुटली गेली. मराठी बखरी आणि शालेय पुस्तके या मोहिमांचे वर्णन विजय म्हणून करतात. बसरूरच्या व्यापाऱ्याने आपले घर फुटताना हल्लेखोराचा ध्वज राज्याचा आहे की चाच्यांचा, याची चौकशी केली असेल असे वाटत नाही. आणखी पुढे, १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालमध्ये जे केले त्याचे वर्णन गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात आहे. त्या काव्यात आपण आहोत, पण लुटणाऱ्यांच्या बाजूला. मराठीच्या विद्यार्थ्याने ते मुद्दाम वाचावे. नाव ठेवणारे दुसरे असले की आपले रूप कसे दिसते, हे त्यातून कळते.

३

कान्होजी आंग्रे यांना छत्रपतींकडून सरखेल हा किताब होता. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहूंच्या पक्षास आले. त्यानंतर इंग्रजांशीही त्यांचा तह झाला. ज्याच्याशी तह होतो तो चाचा असू शकत नाही, हे साधे तर्कशास्त्र. पण वाद निघाला तो वेगळ्याच प्रश्नावरून. कंपनीची स्वतःची जहाजे सोडण्यास कान्होजी तयार होते. कंपनीचे निशाण लावून हिंदी व्यापाऱ्यांचा माल वाहणारी गलबतेही त्यात धरावीत हे त्यांना मान्य नव्हते. आजच्या भाषेत सांगायचे तर हा जकातीचा आणि अधिकारक्षेत्राचा तंटा होता. कंपनीने त्याला चाचेगिरी म्हटले आणि १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर चाल केली. तिन्ही वेळा अपयश आले.

१७२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स आणि कान्होजी यांच्यात झालेला पत्रव्यवहार या संदर्भात वाचनीय आहे. गव्हर्नरने लुटीवर जगणाऱ्या सत्तेचा धिक्कार केला. कान्होजींच्या उत्तराचा आशय असा की, दुसऱ्याचे घेण्याच्या लोभापासून व्यापारीही मुक्त नसतात. जगाची रीतच ती आहे. प्रतिवाद म्हणून हे उत्तर बिनतोड आहे, समर्थन म्हणून मात्र अपुरे. दोघेही लुटतात एवढे सिद्ध झाल्याने लुटल्या गेलेल्याचे काहीच परत येत नाही.

या समुद्रात निर्विवाद चाचेही होते, आणि त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध इंग्रज होता. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी याने हजहून परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-ई-सवाई’ हे जहाज लुटले. यात्रेकरूंचा छळ झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. मोगलांनी सुरतेच्या वखारीतील इंग्रजांना बेड्या घातल्या. कंपनीचे म्हणणे असे की एव्हरी आमचा नोकर नव्हे. मोगलांचे म्हणणे असे की तो तुमच्या देशाचा आहे, भरपाई तुम्ही द्या. अखेर १६९६ मध्ये लंडनमध्ये एव्हरीच्या काही साथीदारांवर खटला चालला. पहिल्या ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले, म्हणून दुसरा आरोप ठेवून पुन्हा खटला झाला आणि काहींना फाशी झाली. एव्हरी कधीच सापडला नाही. निरपराध वखारवाल्यांना बेड्या घालणे अन्यायाचेच होते. तरीही त्या दबावामुळे निदान एक खटला उभा राहिला. हिशेब मागणारा बलवान असेल तरच हिशेब मिळतो, हे या प्रसंगातील कटू सत्य आहे.

४

सहा दशकांनंतर बळाचे पारडे फिरले होते. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांच्यात वैर होते. मार्च १७५५ मध्ये पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तुळाजीविरुद्ध करार झाला. एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल चार्ल्स वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांचा ताफा विजयदुर्गासमोर, म्हणजे इंग्रजी कागदांतील ‘घेरिया’समोर, उभा राहिला.

मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांची एक बैठक झाली होती. तीत हल्ल्याच्या नियोजनाबरोबर लुटीच्या वाटणीचे कोष्टक ठरले. क्लाइव्हला किती हिस्सा मिळावा यावर वाद झाला, तो वॉटसनने स्वतःच्या हिश्श्यातून तूट भरून देण्याची तयारी दाखवून मिटवला. तुळाजी बोलणी करण्यासाठी मराठा छावणीत गेलेला असताना किल्ल्यावर तोफांचा मारा झाला. आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून गेले. किल्ला दोस्त मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून क्लाइव्हने आपली माणसे जमिनीच्या बाजूस उतरवली. १३ फेब्रुवारीस किल्ला इंग्रजांच्या ताब्यात आला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट कोष्टकाप्रमाणे वाटली गेली; पेशव्यांना तीत हिस्सा मिळाला नाही. किल्ला परत करण्याचा शब्दही लगेच पाळला गेला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने बाणकोट मिळाल्यावरच विजयदुर्ग पेशव्यांकडे आला.

या मोहिमेत वॉटसनबरोबर एडवर्ड आइव्ह्झ नावाचा शस्त्रवैद्य होता. त्याचे प्रवासवर्णन १७७३ मध्ये प्रसिद्ध झाले. किल्ला पडल्यावर वॉटसन तुळाजीच्या कुटुंबाच्या भेटीस गेल्याचा प्रसंग त्यात आहे. तुळाजीची आई म्हणते की प्रजेला आता राजा नाही, मला पुत्र नाही, सुनांना पती नाही, मुलांना बाप नाही. अॅडमिरल म्हणतो, मी तुमचा पिता आणि मित्र होईन. तेव्हा सहा वर्षांचा मुलगा त्याचा हात धरून, मग तूच माझा बाप, असे म्हणतो आणि अॅडमिरलच्या डोळ्यांत पाणी येते.

अठराव्या शतकातील इंग्रजी भावविवश कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना या दृश्याची जातकुळी ओळखू येईल. वॉटसनची करुणा खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. त्या स्त्रिया आणि मुले यांना इजा झाली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. पण करुणा आणि हक्क यांत अंतर आहे. त्या कुटुंबाला अभय मिळाले ते विजेत्याच्या मनाला पाझर फुटला म्हणून. तो फुटला नसता तर त्यांना कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. कारण ते ‘चाच्याचे’ कुटुंब होते. विजेत्याचे अश्रू पुस्तकात आले, लुटीचे कोष्टक हिशेबवहीत राहिले. आणि स्वतः तुळाजी? त्याच्यावर खटला झाला नाही, त्याला युद्धकैदी मानून तहानंतर सोडलेही नाही. पेशव्यांच्या निरनिराळ्या किल्ल्यांत त्याने उरलेले आयुष्य कैदेत काढले. चाचा म्हणण्यात इंग्रजांची सोय होती, बंडखोर म्हणण्यात पेशव्यांची. त्याची बाजू ऐकण्याचे बंधन कोणावरच नव्हते.

५

आता पुन्हा मालवणकडे येऊ. विजयदुर्गानंतर नऊ वर्षांनी, १७६५ मध्ये, इंग्रजांनी कोल्हापूरकरांचा सिंधुदुर्ग जिंकला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. किल्ला राखणे परवडेना, म्हणून १७६६ मध्ये पैसे आणि पुढील वर्तनाची हमी घेऊन तो राणी जिजाबाईंच्या कारभाराखालील कोल्हापूर दरबारास परत केला. जहाजे धरली जातच राहिली. १७९२ मध्ये पुन्हा तह झाला. व्यापाऱ्यांच्या नुकसानीची भरपाई देण्याचे आणि मालवण व कोल्हापूर येथे कंपनीला वखारी घालू देण्याचे कोल्हापूरकरांनी मान्य केले. अखेर १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने मालवण बंदर आणि त्यावरील सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे किल्ले इंग्रजांकडे गेले. कोल्हापूरने सशस्त्र जहाजे ठेवायची नाहीत आणि इंग्रजांनी हवे ते जहाज तपासावे, असे ठरले. त्याच वर्षी वेंगुर्लेही सावंतवाडीकरांकडून गेले.

या तहांची भाषा आणि ‘मालवण्स’ ही भाषा शेजारी ठेवून पाहावी. अहवालात हे खलाशी चाचे आहेत, म्हणजे कोणत्याही राज्याचे नव्हेत. तहात त्यांच्या कृत्यांची भरपाई कोल्हापूर राज्य देते, म्हणजे ते त्या राज्याचे आहेत. सिसेरोच्या न्यायाने चाच्याशी वचन नाही. येथे तर तीन-तीन वेळा वचने घेतली-दिली गेली. जहाज जाळायचे असेल तेव्हा चाचा, भरपाई वसूल करायची असेल तेव्हा राज्य. एकाच माणसाची ही दोन रूपे त्याच्या कृतीतून निघालेली नाहीत. लिहिणाऱ्याच्या गरजेतून निघाली आहेत.

मात्र कोल्हापूर दरबाराचीही यातून सुटका नाही. आज्ञापत्रासारखा ग्रंथ पदरी असताना, धरलेल्या मालाचा वृत्तान्त हुजुरास लिहावा हा दंडक त्याच राज्याच्या बंदरात उरला नसेल, तर दोष परकीय लेखणीला देऊन भागत नाही. ज्यांची गलबते लुटली गेली ते गुजराती, मलबारी, कोकणी व्यापारी होते. त्यांच्या दृष्टीने १७९२ च्या भरपाईच्या कलमाला अर्थ होता. परकी सत्तेने स्वार्थापोटी मागितलेला हिशेब हाही हिशेबच असतो. फक्त त्या परकी सत्तेकडे तो मागणारा कोणी नसतो.

६

विजयदुर्ग पडला त्याला बरोबर शंभर वर्षे झाली, तेव्हा १८५६ मध्ये पॅरिसच्या जाहीरनाम्याने शत्रूची जहाजे धरण्याचे परवाने खासगी जहाजांना देण्याची युरोपीय राज्यांची प्रथा बंद केली. म्हणजे ज्या काळात मालवणी खलाशी चाचे ठरले, त्या काळात युरोपातील राजे आपापल्या प्रजेला परवाने देऊन तेच काम करवीत होते. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने खासगी हेतूने, खासगी जहाजावरील लोकांनी खुल्या समुद्रात केलेला हल्ला अशी चाचेगिरीची व्याख्या केली. या कसोटीवर सरखेल कान्होजी बसत नाहीत.

नावे देण्याच्या अधिकाराला विसाव्या शतकाने आणखी एक लगाम घातला, आणि आमच्या मते युद्धकायद्यातील तो सर्वांत मानवी भाग आहे. तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार, पकडलेला लढवय्या युद्धकैदी होतो की नाही याविषयी संशय असेल तर सक्षम न्यायाधिकरणाने निर्णय देईपर्यंत त्याला युद्धकैद्याचे संरक्षण मिळते. १९७७ च्या पहिल्या मसुद्यानुसार, माणूस नागरिक आहे की नाही याविषयी संशय असेल तर तो नागरिकच धरायचा. आणि जो कोणत्याच वर्गात बसत नाही त्यालाही छळ, अपमान आणि खटल्यावाचून शिक्षा यांपासून किमान अभय आहे. सिसेरोचे ‘घराबाहेरचे’ स्थान येथे कायद्याने बंद झाले. तुळाजीला याहून अधिक काही नको होते.

मच्छीमारांसाठीही या कायद्यात जागा आहे. १८९८ च्या युद्धात अमेरिकी नौदलाने क्यूबाच्या दोन मासेमारी होड्या धरून विकल्या. १९०० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्याच नौदलाविरुद्ध निकाल दिला की, किनाऱ्यावर मासे धरणाऱ्या होड्या युद्धातही जप्त करता येत नाहीत, आणि विक्रीचे पैसे परत करायला लावले. १९०७ च्या हेग कराराने हा नियम लेखी केला. त्यात दोन अटी आहेत. होडी लढाईत उतरली की अभय संपते. आणि होड्यांच्या निरुपद्रवी रूपाचा राज्याने लष्करी कामासाठी फायदा घ्यायचा नाही. दुसरी अट आज आपल्या किनाऱ्यावर आठवावी अशी आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका बळकावून, तिच्यावरील खलाशांना ठार करून हल्लेखोर मुंबईस पोहोचले. त्यानंतर कोकणच्या मच्छीमारांना ओळखपत्रे आली, होड्यांना ठरावीक रंग आले, किनाऱ्याचे डोळे आणि कान व्हा असे आवाहन झाले. यामागील निकड कोणी नाकारणार नाही. पण कौल आणि दस्तक यांचीच ही आधुनिक रूपे आहेत, आणि मच्छीमाराला पहारेकरी करताना त्याचे नागरिकत्वाचे कवच किती पातळ होते, याचाही विचार कोणीतरी केला पाहिजे.

हा प्रश्न काल्पनिक नाही. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी एका मासेमारी नौकेवर गोळ्या झाडल्या आणि दोन भारतीय मच्छीमार ठार झाले. नौसैनिकांचे म्हणणे असे की, आम्हांला ते चाचे वाटले. हे युद्ध नव्हते, त्यामुळे युद्धाचे कायदे लागू नव्हते; पण ‘चाचा’ या शब्दाचे काम तेच होते. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने निर्णय दिला की नौसैनिक हे राज्याचे अधिकारी असल्याने भारतीय न्यायालयांत त्यांच्यावर खटला चालवता येत नाही. इटलीने भरपाई द्यावी आणि आपल्याकडे तपास करावा. दहा कोटी रुपये जमा झाल्यावर २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले. २०२२ च्या आरंभी रोममधील न्यायालयानेही ते बंद केले. भरपाई मिळाली, खटला झालाच नाही. १७९२ च्या तहातही भरपाईच होती.

आपल्या स्वतःच्या बाजूचे चित्रही पाहू. भारताने जिनिव्हा करार १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला. १९७७ च्या मसुद्यांवर आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारावर मात्र आपण सही केलेली नाही. त्यामागे सार्वभौमत्वाची कारणे सांगितली जातात, आणि बलवान राष्ट्रे हिशेब देत नाहीत हे खरेच आहे. पण कान्होजींच्या उत्तरातील तर्कही हाच होता. १९९९ मध्ये आपल्या नौदलाने व तटरक्षक दलाने ‘अलोंड्रा रेनबो’ हे पळवलेले जपानी मालकीचे जहाज धाडसाने सोडवले. मुंबईच्या न्यायालयाने २००३ मध्ये पळवणाऱ्यांना शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते सुटले. कारण चाचेगिरीविरुद्ध पुरेसा कायदाच आपल्यापाशी नव्हता. तो संसदेने २०२२ च्या अखेरीस संमत केला. चाचा कोण हे कायद्याने, न्यायालयात, पुराव्याने ठरावे, ही त्यामागील अपेक्षा स्वागतार्ह आहे.

७

मुंबईतील नौदलाच्या तळास १९५१ पासून ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन सिंधुदुर्गाच्या साक्षीने मालवणात साजरा झाला. कंपनीच्या कागदांनी लावलेला कलंक अशा रीतीने पुसला गेला, याचा आनंद कोणाही मराठी माणसाला होईल, आम्हांसही आहे. फक्त एक सावधगिरी हवी. ‘चाचा’ या नावाने जसा माणूस चौकशीवाचून दोषी ठरतो, तसा ‘वीर’ या नावाने तो चौकशीवाचून निर्दोष ठरतो. दोन्ही नावे हिशेब बंद करतात. बसरूरचा व्यापारी, घेरियाच्या किल्ल्यातील मुले, मालवणी गलबताने धरलेल्या जहाजावरचा तांडेल यांपैकी कोणालाही या दोन नावांत जागा नाही.

साहित्याच्या वर्गात आज्ञापत्र शिकवले जाते तेव्हा त्यातील भाषेचा जोम, वाक्यांचा तोल यांविषयी आपण बोलतो. त्याबरोबर विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवावा, असे आम्ही सुचवतो: ‘हुजुरास लिहून कळवावे’ या आशयाचे कलम नुसत्या दयेच्या उपदेशाहून वेगळे कसे? दया करणाऱ्याला कोणी विचारणारा नसतो. लिहून कळवणाऱ्याला असतो. धरलेल्या जहाजावर कोणाचा किती माल होता, हे लिहायला बसलेला मालवणचा एखादा कारकून जोवर दौतीत बोरू बुडवत होता, तोवर त्या बंदरात कायदा होता.